आधीच वाचलेल्या झाडांसाठी सभा

लखनऊच्या एका हिंदी दैनिकात देवयानी साठे पर्यावरणाच्या बातम्या लिहायची. गोमतीवरचा फेस, बुजवलेले तलाव, सगळं आतल्या पानावर केशतेलाच्या जाहिरातीखाली छापून यायचं. शेवटी वैतागून तिनं नोकरी सोडली आणि हरित लोकपक्षात गेली. तिथं भाषणं ठोकणारे पुष्कळ होते, दोन वाक्यं धड लिहिणारं कुणी नव्हतं. त्यामुळे बघता बघता ती प्रदेशाध्यक्ष झाली.

पहिलंच आंदोलन वृंदावन योजना या वसाहतीतल्या कडुनिंबांसाठी होतं. रस्ता रुंद करायला महापालिका ते तोडणार होती. रविवारची सभा ठरली आणि शुक्रवारी खुद्द महापालिकेच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, बधाई हो. नक्शा बदल गया. एक भी पेड़ नहीं कटेगा."

देवयानीला भरून आलं. तिनं लगेच नागपूरला पक्षाध्यक्ष दिनकररावांना कळवलं.

"रविवारपर्यंत कुणाला बोलू नका," ते म्हणाले.

"अहो, पण झाडं वाचली!"

"सभेच्या आधी वाचली ना, तोच घोटाळा झाला. मंडप उभा राहिलाय, ताई."

दुपारी दैनिकातला जुना सहकारी मधुसूदन मिश्रा यानं फोनवर विचारलं, "सुना है पेड़ बच गए? कन्फर्म कर दो यार."

"अभी कुछ नहीं कह सकती," ती म्हणाली आणि फोन ठेवला. असं बोलणाऱ्या पुढाऱ्यांना तिनं आजवर शिव्याच घातल्या होत्या. चहा गोड लागेना.

"सांगून टाक की," नवरा उल्हास म्हणाला. "फार तर पद जाईल."

तिनं मधुसूदनला पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगितलं, स्वतःच्या नावानिशी. शनिवारी बातमी आली. चार ओळी, केशतेलाखाली. कुणीच वाचली नाही. दिनकररावांनीही नाही.

रविवारी मैदान फुलून गेलं. बायका कडुनिंबांना मिठ्या मारून उभ्या होत्या. नागपूरहून आलेले दिनकरराव मंचावर बसलेले असतानाच देवयानी माइकपाशी गेली आणि ओरडली, "पेड़ बच चुके हैं! शुक्रवार को ही फैसला हो गया!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बच चुके हैं! बच चुके हैं!" लोकांना ती घोषणाच वाटली आणि सगळे रस्त्यावर ठाण मांडून बसले. ती जीव तोडून समजावत होती, तसतसा त्यांना चेव चढत होता. अखेर अधिकारी धावत आला आणि त्यानं तोच निर्णय पुन्हा जाहीर केला. मग कुठं लोकांचा विश्वास बसला. तिला खांद्यावर घेतलं, हारांनी गुदमरवलं.

सोमवारी तिचा फोटो पहिल्या पानावर होता, "आंदोलन से बचे पेड़" अशा मथळ्यासह. खाली मधुसूदनचं नाव. तिनं संतापून फोन केला. "तुझे तो सच पता था!"

"हाँ, छापा भी था," तो शांतपणे म्हणाला. "तब किसने पढ़ा?"

ती खुलासा लिहायला बसली, तेवढ्यात दिनकररावांचा फोन आला. विधानसभेला लखनऊच्याच सरोजिनी नगर मतदारसंघातून तिलाच उभं करायचं ठरलं होतं.

"तिकडे तोडायला काढलेली झाडं आहेत का हो?" त्यांनी विचारलं.

"बघते. असतील कुठंतरी," देवयानी उत्साहानं म्हणाली. समोर उल्हास पेपर खाली करून तिच्याकडे बघतच राहिला, तेव्हा आपण काय बोललो ते तिला उमगलं.