शंभराचा हट्ट

दादाला मधुमेह होऊन वीस वर्षं झाली होती, पण त्याचं बोलणं ऐकणाऱ्याला वाटावं, मधुमेहालाच दादा झालाय. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि शुगरही घड्याळासारखीच सांभाळायचा. जेवणाआधी शंभर म्हणजे शंभर. एकशे वीस निघाली की त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

धाकट्या भावाची बेकरी होती. हाताचं क्रीम पुसत तो रोज विचारायचा, "दादा, आज किती?" आणि आकडा ऐकत केकचा तुकडा तोंडात टाकायचा. मधुमेहाने मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हा अन्याय दादाला कधीच पचला नाही.

आता तोच धाकटा न्यूमोनियाने आयसीयूत पडला होता. घशात श्वासाची नळी, औषधाने झोपवलेला, आणि शिरेतून इन्सुलिन चालू. ज्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं त्याचा तो चेहरा दादाला बघवत नव्हता. छातीच्या फोटोतलं त्याला काही कळत नव्हतं, व्हेंटिलेटरचं तर नावच नको. तेवढ्यात सिस्टरने शुगर तपासली आणि एकशे सत्तर म्हणून सांगितलं. दादाला हायसं वाटलं. अखेर चूक काढण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

बाहेर येऊन त्याने आपल्या ठरल्या वेळी, बाकावर बसून, पोटात इन्सुलिन टोचून घेतलं. डबा उघडतो न उघडतो तोच डॉक्टरबाई आल्या. दादाने डबा बंद केला. जेवण काय, मागाहूनही होतं.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. एवढ्या मोठ्या आजारात शरीर आपणहून शुगर वाढवतं, मधुमेह असो वा नसो. माणूस बरा झाला की बहुतेक वेळा ती उतरते. तोवर एकशे चाळीस ते एकशे ऐंशीच्या मधे ठेवायची. दादा म्हणाला, हे ढिल्या कारभाराचं लक्षण आहे. वीस वर्षं मी शंभरावर ठेवतोय, तुम्हाला एवढ्या यंत्रांनिशी जमत नाही?

"शंभरावर ठेवायला गेलं की कधीतरी चाळिसावर येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमची उतरली तर तुम्ही सांगाल. हे झोपलेत. हे कोणाला सांगणार?"

दादाने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्याने भावाला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायचं ठरवलं. नळीसकट हलवण्यात जिवाला धोका आहे, असं डॉक्टरबाईंनी दोनदा बजावलं. धाकट्याच्या बायकोचे डोळे रडून सुजले होते. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही म्हणाल तसं." दादा जोरजोरात वाद घालत राहिला, कागद मागवले, पेन हातात घेतलं.

पेन कागदावर टेकेना. हात थरथरत होता, सदरा घामाने चिंब झाला होता. काय होतंय ते दादाला पुरतं ठाऊक होतं, वीस वर्षांचा जाणकार तो. साखर द्या, एवढंच म्हणायचं होतं. जीभ वळेना. सगळ्यांना वाटलं, म्हातारा रागाने थरथरतोय. भावजयीने तर पेन पुन्हा त्याच्या बोटांत नीट धरून दिलं. मग तो बाकावरून घसरला.

डॉक्टरबाईंनी त्याच्या बोटाला सुई टोचली. अडतीस.

तेव्हा असं दृश्य होतं: ज्याला जन्मात मधुमेह नव्हता तो आत इन्सुलिन घेत होता, आणि वीस वर्षांचा मधुमेही दाराबाहेर स्ट्रेचरवर पडून ग्लुकोज घेत होता. डबा बाकावर तसाच होता.

जीभ वळू लागली तसा दादा डॉक्टरबाईंना म्हणाला, "मी जागा होतो, तरी सांगता आलं नाही." मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि हुंदके देऊन रडला. कागद भावजयीने आधीच फाडून टाकले होते.

धाकट्याची नळी निघाली तेव्हा दादा उशाशी बसला होता. घोगऱ्या आवाजात धाकट्याने विचारलं, "दादा, आज किती?"

"एकशे साठ," दादा म्हणाला. "तुझ्याइतकीच."