मला फळीवर ठेवू नका

सर्व वाचकांस विनयपूर्वक कळविण्यात येते की, पुढे एका औषधाच्या बाटलीचे जीवनवृत्त सादर होत आहे. ते गोड नाही. ज्यांना गोड ऐकण्याची इच्छा असेल, त्यांनी येथेच थांबावे.

मित्रांनो, मी डोळ्यांत घालण्याच्या औषधाची एक जुनी बाटली आहे. माझी उंची बोटाच्या दोन पेरांएवढी. माझा जन्म अशा स्वच्छ कारखान्यात झाला की, तेथे मला माणसाचा श्वाससुद्धा लागू दिला नाही. पुढे मी नाचणगावच्या दौलतराव झाडे ऊर्फ आबा यांच्या घरी आले. त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. मी महिनाभर इमानाने सेवा केली. आबांना अंगणातल्या निंबाचे पान न् पान दिसू लागले आणि गावभर माझी स्तुती झाली.

पोटात अर्धे औषध उरले असले तरी तेथेच माझे आयुष्य संपायला हवे होते. उघडल्यावर महिन्याने फेकून द्यावे, असे माझ्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेले होते. परंतु आबांचा मुलगा रूपराव म्हणाला, "आबाचे डोये आणले इनं. इले फेकावं कसं?" आणि मला देवाशेजारच्या फळीवर मान मिळाला.

या मानाचा मला संताप येतो! नात खुशीचे डोळे आले, मला काढले. शेजारच्या सुलोचनाबाईंच्या डोळ्यात कचरा गेला, मला मागून नेले. एकदा तर बकरीच्या पिल्लाच्या डोळ्यात मला पिळले. माझे टोक त्याच्या चिपडांना लागले. तशीच मी पुन्हा देवाजवळ! दोन वर्षे हे चालले.

रूपरावची पत्नी मोहिनी शाळेचे गणवेश शिवते. शाळा उघडण्याच्या आधी तिच्या घरात कापडाचे ढीग लागतात. त्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांची आग होऊ लागली. सुई ओवताना तिला चार वेळा डोळे मिटावे लागत. कूलरच्या झोतापुढे बसवत नसे. मोटारसायकलवर मागे बसली की ती पदराने तोंड झाकून घेई. आणि सारखे पाणी गळे.

सुलोचनाबाई दारातूनच विचारीत, "काय वो मोहिनी, काऊन रडून राह्यली? रूपराव बोलला का सासरा?"

"कोणी नाई वो बाई. डोयात रेती गेल्यावानी करते."

"साऱ्या नाचणगावची रेती तुह्याच डोयात येते का?"

गावात तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मोहिनीला सांगितले की, डोळे कोरडे पडले आहेत, दवाखान्यात येऊन औषध न्यावे. ते ऐकून रूपराव हसला.

"धारा लागल्या हायेत अन् म्हणे कोरडे! आपल्या घरी बाटली हाये ना."

"थे आबाची हाये. मले दवाखान्यात नेऊन द्या ना," मोहिनी म्हणाली.

"आबाले चालली, तुले काऊन नाई चालन?"

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी घर डोक्यावर घेतले असते! त्याने दिवसातून तीनदा मला तिच्या डोळ्यांत पिळले. पहिले चार दिवस तिला बरे वाटले. माझी पुन्हा स्तुती झाली. दवाखाना राहून गेला. पंधराव्या दिवशी तिचा उजवा डोळा लालभडक झाला आणि तिला दाराचा उजेडही सोसवेना.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई भेटल्या. "डोळ्यात काय घातले?" त्यांनी विचारले. रूपरावने खिशातून मला मोठ्या अभिमानाने काढले. बाईंनी माझ्यावरची तारीख वाचली आणि मला टेबलावर आपटले.

"हे ऑपरेशननंतरचे औषध आहे. तेही सडलेले! यातूनच जंतू गेले. डोळ्यात जखम झाली आहे."

"पण बाई, पाणी तं गयत होतं. कोरडा कसा?"

"कोरडा आहे म्हणूनच गळतो. आतला ओलावा टिकत नाही, मग डोळा चुरचुरतो आणि भळाभळा पाणी सोडतो. ते गालावरून निघून जाते. हे दुखणे रोज माझ्यापुढे येते. शिवणारे, मोबाईल पाहणारे, उन्हातान्हात फिरणारे, पन्नाशीकडे आलेल्या बायका. कोणी घरी सांगितले की घरचे म्हणतात, रडते आहे."

रूपरावने मान खाली घालून मला पुन्हा खिशात टाकले. मोहिनी एवढेच म्हणाली, "म्या सांगतलं होतं."

जखम भरली, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. कोरड्या डोळ्यांसाठी तिला वेगळे थेंब मिळाले, आता आग कमी आहे. परंतु उजव्या डोळ्याला टाका दिसत नाही. त्या वर्षीचे गणवेश दुसरीकडे गेले. मोहिनी आता फक्त बटणे लावते, तीही बोटांनी चाचपून.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला म्हणत असतील की, आम्हाला जपा. मी म्हणते, मला जपू नका! मला एकाच माणसाच्या डोळ्यांत घाला आणि दिवस भरले की फेकून द्या. घरातली बाई डोळे जळतात म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवा. तो ठेवायला कोणतेही औषध लागत नाही.

हे माझे बोलणे ज्याने लिहून काढले, त्याच्याच हाताने मी पिळली गेले. त्याला मी माफ केलेले नाही आणि त्याने माफी मागितलेलीही नाही. हे वाक्य संपले की तो मला फेकणार आहे.

लिहिणारा,
रूपराव दौलतराव झाडे, सातवी पास, नाचणगाव.
आपण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल सर्व वाचकांचा मी अत्यंत आभारी आहे.