ज्या वळणावर सासऱ्यांना उतरवले

माझ्या सासऱ्यांचे देहावसान नान शहरातल्या रुग्णालयात झाले आणि त्यांना हुआयलोम या आमच्या डोंगरातल्या गावी आणण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी पत्नीच्या घरी राहणारा जावई, पिकअपही माझाच. तेव्हा दुसऱ्या कुणाकडे पाहण्याचा प्रश्नच नव्हता. निघण्यापूर्वी माझी पत्नी सिनुआन फोनवर एवढेच म्हणाली, "नुसतं शरीर आणू नका. बाबांना आणा."

या वाक्याचे वजन मी जाणून होतो. बालपणी मी विहारात तीन वर्षे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होतो. माझे जे काही शिक्षण ते तेवढेच. मृत मनुष्याला वाट दिसत नाही. प्रत्येक पुलाशी आणि प्रत्येक फाट्याशी त्याला सांगावे लागते; न सांगितल्यास तो तेथेच उभा राहतो आणि घरी पोहोचते ती केवळ लाकडी पेटी.

पेटी पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात दोराने घट्ट बांधली होती. तिच्या शेजारी माझा मेहुणा इनकेओ एका हातात पेटती उदबत्ती आणि मांडीवर लाह्यांची परडी घेऊन बसला होता. पूल आला की तो मूठभर लाह्या उधळी आणि ओरडे, "बाबा, पूल आला. सांभाळून!" माझ्या शेजारी पुढे चानफोंग आत्या बसली होती. ही सासऱ्यांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे, पण जिभेला अद्याप धार.

महिना मार्चचा होता. डोंगरांवरचे वणवे पेटलेले होते आणि त्यांच्या धुराने दऱ्या काठोकाठ भरल्या होत्या. दुपारचे बारा वाजले असूनही सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा दिसत होता आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. मी दिवे लावून गाडी हाकत होतो. पक्षी नव्हते, समोरून वाहन नव्हते.

एका उताराच्या वळणावर मागचा डावा टायर फुटला. गाडी शेपूट झटकल्यासारखी दरीकडे सरकली. मी ब्रेकवर पाय न देता सुकाणू घट्ट धरले, वेग आपोआप ओसरू दिला आणि तिला कडेच्या मातीत उभी केली.

"काय झालं दाजी?" इनकेओने मागून काच ठोठावली. "टायर गेला की डुलकी लागली?"

"टायर."

"मग ठीक. डुलकी असती तर आत्यानं आणखी एक पेटी मागवली असती."

"तुझं तोंड त्या पेटीत घाल आधी," आत्या म्हणाली आणि पदराने नाक झाकून खाली उतरली. धुराने तिला खोकल्याची उबळ आली होती.

आम्ही रीतीप्रमाणे झाडाच्या चार फांद्या तोडून मागे रस्त्यावर टाकल्या, म्हणजे येणाऱ्याला पुढे गाडी बंद पडल्याचे कळावे. पुढच्या चाकांना दगड लावले. हौद्याखालची स्टेपनी साखळी सोडून उतरवली. गाडी उचलण्याआधी नट सैल करून घ्यावेत, हे सासऱ्यांनीच मला शिकवले होते; पण नट गंजलेले होते आणि पान्यावर दोन्ही पायांनी उभे राहिल्यावर एकेक नट किंचाळत सुटला. कडेची माती राखेसारखी मऊ होती. जॅक आत रुतू लागला, म्हणून त्याच्याखाली फळी दिली.

आणि मग, जॅकचा दांडा हातात घेतल्यावर, मी थांबलो.

उचललेल्या गाडीत सासरे कुणालाही बसू देत नसत. पाऊस असो, ऊन असो, सर्वांना खाली उतरवून ते स्वतः कडेला उभे राहत आणि मी प्रत्येक नट कसा आवळतो ते पाहत. ही आठवण माझ्या मनात अशी दाटून आली, की मी पेटीपुढे हात जोडले आणि आदराने म्हणालो, "बाबा, गाडी उचलायची आहे. थोडा वेळ खाली उतरा."

इनकेओ हसला नाही. त्यानेही हात जोडले.

चाक बदलण्यास जेमतेम अर्धा तास लागला. वरच्या उतारावर वणव्याचा तडतडाट जवळ येत होता आणि जळकी पाती आमच्या खांद्यांवर पडत होती. मी नट आडवे-उभे आवळले, जॅक काढला, हत्यारे हौद्यात फेकली आणि आम्ही घाईने निघालो. फांद्या रस्त्यातच राहिल्या.

पुढच्या पुलाशी इनकेओने हाक दिली. क्षणभराने तो काचेजवळ येऊन म्हणाला, "दाजी, उदबत्ती विझली."

"पेटव."

त्याने पेटवली. ती पुन्हा विझली. दुसऱ्या पुलाशी तेच, तिसऱ्या पुलाशी तेच. वाऱ्याचा लवलेश नव्हता. धूरसुद्धा जागचा हलत नव्हता. याशिवाय आणखी एक गोष्ट मी अनुभवत होतो व ती बोलून दाखवण्याचे मला धैर्य होत नव्हते. गाडी हलकी झाली होती. पेटी जागच्या जागी, दोर तसेच, तरीही ज्या तऱ्हेच्या चढावर सकाळपासून दुसरा गिअर टाकावा लागत होता, तसला चढ ती तिसऱ्यात सहज चढून गेली.

 आत्या समोर पाहतच म्हणाली, "मुआंग, तू त्याला उतरा म्हणालास. मी ऐकलं."

"हो आत्या."

"चढा कधी म्हणालास?"

 मी गाडी उभी केली. इनकेओला जेव्हा समजले तेव्हा त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला.

"चार वाजता भिक्खू येतील," तो म्हणाला. "सगळं गाव अंगणात बसलंय. बाबांना रस्ता काय नवा आहे? येतील की मागनं."

"जिवंतपणी माहीत होता रस्ता," आत्या म्हणाली. "आता तीन पूल आहेत मध्ये. न बोलावता तो पाणी ओलांडणार कसा? फिरव गाडी."

मी गाडी फिरवली.

त्या वळणावर पोहोचलो तेव्हा धूर इतका दाटला होता, की आम्हीच टाकलेल्या फांद्या दिसण्यापूर्वी चाकांखाली मोडल्याचा आवाज आला. मातीत फळीचा चौकोनी ठसा होता. त्याच्या शेजारी कडेची माती, कुणी फार वेळ एका जागी उभे राहिल्यावर व्हावी, तशी दबलेली होती. आणि तीही एकाच ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी. मी त्या गोष्टीकडे तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही, याची खंत मला आजही आहे.

आत्या खोकत गाडीतच बसून राहिली. काच वर केलेली. मी हौद्याचा फाळका खाली पाडला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "बाबा, चाक बसलं. चूक झाली माझी. या, चढा."

काही क्षण नुसता तडतडाट. मग गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे करकरले आणि हौदा बोटभर खाली बसला. इनकेओच्या हातातली उदबत्ती सरळ, लाल होऊन जळू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी फाळका लावण्यास हात पुढे केला, तोच पाटे पुन्हा करकरले आणि हौदा आणखी बोटभर खाली गेला.

"बाबांनी मांडी बदलली वाटतं," इनकेओ म्हणाला. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता.

परतीच्या प्रवासात पिकअप चढावर धापा टाकत होता. पुलाशी हाक देताना इनकेओचा स्वर प्रत्येक वेळी अधिक बारीक होत गेला. तिसऱ्या पुलानंतर त्याने काच ठोठावली.

"दाजी, मी पुढे येऊन बसू का?"

"का रे?"

"मागं जागा नाही."

मी आरशात पाहिले. पेटीच्या दोन्ही बाजूंना हौदा रिकामा होता. इनकेओ मात्र एका कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन अंग चोरून बसला होता.

घरी पोहोचलो तेव्हा सारे गाव अंगणात जमले होते. बाहेर मृत्यू आलेल्याला आमच्याकडे घरात नेत नाहीत, म्हणून पेटीसाठी अंगणातच मांडव घातला होता. सिनुआन फाटकाशी उभी होती. तिने काही न विचारता हात जोडले. "बाबा, घर आलं. उतरा."

हौदा बोटभर वर आला. तिने ते पाहिले आणि दिवसभरात प्रथमच तिचा चेहरा सैल झाला. सहा जणांनी पेटी उचलून मांडवात ठेवली. लोक तिच्याभोवती जमले. मी एकटाच गाडीशी उभा राहिलो, कारण हौदा आता पूर्णपणे रिकामा होता आणि तरीही मागचे पाटे वाकलेलेच होते.

आत्या काठी टेकत माझ्या शेजारी आली. तिने पाट्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"वळणावर नाव घेतलंस का त्याचं?"

"सासऱ्यांचं नाव मी कसं घेऊ, आत्या? जावई मी."

"त्या वळणावर काय एकच बाबा उभा असेल, होय रे? तिथं किती गाड्या खाली दरीत गेल्या, ठाऊक आहे ना तुला?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्या सबंध गावात सासऱ्यांना एकेरी नावाने हाक मारू शकेल अशी ती एकटीच उरली होती. तिने काठी फाळक्यावर आपटली. "ताखाम! ए ताखाम! किती वेळ बसतोस? मोठी बहीण उभी आहे उन्हात. उतर!"

पाटे करकरले. हौदा वर आला आणि रिकाम्या गाडीचा हौदा जितक्या उंचीवर असावा, तितक्या उंचीवर स्थिर झाला. मांडवात पेटीशी ठेवलेल्या दिव्याची ज्योत वाकली आणि पुन्हा उभी राहिली.

सिनुआन जवळ येऊन उभी होती. तिने सारे ऐकले होते.

"बाबा आत्ता उतरले," ती हळू म्हणाली. "मग माझ्या हाकेला कोण उतरलं?"

 तेवढ्यात वर, खांबांवर उभारलेल्या आमच्या घराच्या सागवानी फळ्यांवर, कुणीतरी चालले. सारे गाव अंगणात होते. वर कोणीही नव्हते. बाहेर मेलेल्याने घरात पाऊल ठेवायचे नसते, हे सासऱ्यांना माहीत होते आणि ते मांडवात थांबले होते. जो वर गेला होता, त्याला कदाचित फार वर्षांत कुणी घर आल्याचे सांगितले नव्हते. पावले एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, थांबली, परत आली. भिंतीला हात लावत कुणी फिरावे तशी.

"बाहेर काढा त्याला," इनकेओ म्हणाला. "भिक्खूंना सांगा, मंत्र म्हणा, काहीतरी करा!"

"मी बोलावलं त्यांना," सिनुआन म्हणाली. "बोलावलेल्याला हाकलू कशी?"

ती स्वयंपाकाच्या चुलीकडे गेली. वडिलांसाठी वाढलेल्या चिकट भाताच्या टोपलीशेजारी तिने तेवढीच दुसरी टोपली भरली, पाण्याचा पेला घेतला आणि त्या दोन्ही वस्तू मांडवात पेटीच्या पायथ्याशी नेऊन ठेवल्या. मग ती जिन्याच्या तळाशी येऊन उभी राहिली आणि मान वर करून म्हणाली, "पाहुणे, वर नका थांबू. खाली या, आमच्या बाबांबरोबर जेवून घ्या. संध्याकाळी मंत्र दोघांसाठी म्हणवू. उद्या तुमचं नाव शोधू."

वरची पावले थांबली. भिक्खूंची गाडी फाटकाशी आली होती, पण कुणाचेही तिकडे लक्ष गेले नाही. बराच वेळ काहीच झाले नाही. मग जिन्याची सर्वांत वरची पायरी वजनाने दबली. त्यानंतर तिच्या खालची.

जिन्यासमोर उभे असलेले आम्ही सर्व जण, कुणी न सांगता, वाट मोकळी करून बाजूला सरलो.