हवेतला सव्वा घंटा

तेजरामबुवा सकाळी सातला गेले अन् आठ वाजता त्यांच्या पोराची, अनुपची, जीभ घसरली.

"बहीण कवा येते गा?" पुंडलिकरावांनी विचारलं. अड्याळच्या त्या मोहल्ल्यात माती, म्हणजे अंत्यविधी, किती वाजता, यात शेवटचा शब्द त्यांचाच. अनुपनं मोबाईलवर पाहिलंच होतं : पुणे ते नागपूर, हवाई अंतर सव्वासहाशे किलोमीटर, वेळ सव्वा घंटा. तेच सांगून मोकळा झाला.

"बापा! आपली तुमसरची एसटी याहून जास्त वेळ खाते. मंग बाराले मयत उचलू."

झाला निरोप गावभर. बहिणीचं, रीनाचं, विमान होतं दीडचं! त्याआधी पुण्यातली गर्दी, विमानतळावर दोन घंटे आधी हजेरी, अन् नागपुराहून अड्याळ वेगळंच. हे मोबाईलनं कुठं सांगितलं होतं? वरून विमान पाऊण घंटा लेट.

मयत घरात असेस्तोवर मोहल्ल्यात चूल पेटत नाही. बारा वाजले, दोन वाजले. लेकरं भुकेनं रडायला लागली.

"विमानाले बैलं जुंपले का गा?" मोहल्ल्यातला इश्वर मागून बोलला. दोघंतिघं हसले. अनुपनं पुन्हा मोबाईल काढून पाहिला. रीना फोनवर एवढंच म्हणाली होती, "दादा, दिवाळीले आली नाही मी. बाबाचं तोंड तरी पाहू दे."

साडेतीनला तिचा फोन आला, उतरली म्हणून. थंडीचे दिवस, सूर्य साडेपाचला बुडतो. बुडाला की अग्नी नाही.

पुंडलिकरावांनी अनुपला बाजूला घेतलं. "खरं सांग. अजून किती?"

"दोन घंटे जी. मी फक्त हवेतला टाइम सांगतला."

"हवेतला! आमी काय हवेत बसून राहिलो का बे?"

म्हातारा चिडला, मग त्याला ओसरीवर रडणारी लेकरं दिसली. शेवटी शेजारणीला हाक मारली, "गोदावरीबाई, चूल पेटवा. भात टाका. पाप लागलं तं मले लागंल. उपाशी माणूस किती वाट पाहीन?"

एक चूल पेटली, मग दहा पेटल्या. पहिला घास पुंडलिकरावांनीच घेतला, तेव्हा कुठं बाकीचे खाली मान घालून जेवले.

सव्वापाचला फोन वाजला. रीना हुंदके देत होती. "दादा, गाडी थांबवली मी. गावात घरोघरी धूर दिसून राहिला. नेलं ना बाबाले?"

अनुप ओरडला, "नाही वो बाई! लोकं जेवून राहिले! बाबा घरीच हाये. ड्रायव्हरले म्हणा, मार गाडी!"

तो अनवाणीच फाट्याकडं पळाला. सूर्य धानाच्या बांध्यांवर टेकायला आला होता. मागून पुंडलिकराव उष्ट्या हातानं ओरडले, "आता किती वेळ गा?"

अनुपनं मोबाईल खिशात कोंबला अन् रस्त्यावरच्या धुरळ्याकडं बोट केलं.

"दिसली जी! उचलू नोका, दिसली!"