सातव्या गाण्यातलं पाणी

पंचफुलानं परातीत पीठ घेतलं होतं. पाण्याचा हात लावणार, तेवढ्यात चौकातला भोंगा कोकलला.

आलं आलं गोडं पाणी, भर बाई वाटी,
सांडू दे गं काठोकाठ, आज त्याच्यासाठी.

आवाज तिचाच होता. खाली मात्र कुणीतरी ढोलताशा चिकटवला होता. पंचफुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पीठ तसंच टाकून, पदर खोचून ती निघाली. तिचा राग गावाला ठाऊक होता. ओट्यावरच्या बाया गुपचूप पाय आवरून बसल्या.

गाव संग्रामपूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पिणाऱ्यांच्या किडन्या एकेक करून जातात. पंचफुलाचा नवरा दयाराम तसाच गेला. तो गेल्यावर ती रडली थोडं, संतापली फार. बौद्ध वस्तीतल्या गायन पार्टीत ती पहिल्यापासून गायची. त्या वर्षी तिनं सात गाणी रचली आणि खामगावच्या एका स्टुडिओत एका बैठकीत गाऊन आली. अल्बमचं नाव ठेवलं 'खारपाण'.

सात म्हणायची ती मोजण्यापुरती, खरं तर ती एकच गोष्ट. पहिल्यात नवी नवरी गावात येते आणि पाण्याचा पहिला घोट थुंकते. नवरा हसून म्हणतो, बरं झालं, वरणातलं मीठ वाचलं. दुसऱ्या-तिसऱ्यातही तो हसतोच, पण त्याचे पाय सुजायला लागतात. चौथं गाणं दवाखान्याच्या एसटीचं. पाचव्यात दारात नळ येतो, चकचकीत आणि कोरडा ठाक. सहाव्यात तो मरताना एकच मागतो, घोटभर गोडं पाणी. ते घरात नसतं. आणि सातव्यात ते येतं, तो मेल्यावर. आमदारसाहेब सांत्वनाला येणार म्हणून गावात टँकर येतो आणि त्याच पाण्यानं जलदान विधी होतो. भंतेजी गाथा म्हणतात, घरचे वाटीत धार सोडतात, वाटी भरून सांडते आणि पुण्य गेलेल्याच्या नावानं जातं. 'त्याच्यासाठी' म्हणजे कुणासाठी, ते कळायला आधीची सहा ऐकावी लागतात. आणि मेल्यांनी त्याच्यावर ढोल वाजवला!

चौकात मांडव पडला होता. शाळेच्या पोरी त्या गाण्यावर लेझीम बसवत होत्या आणि खामगावहून आलेला हर्षल, साहेबांचा माणूस, टाळ्या वाजवून ठेका देत होता.

"मावशी! तुमच्याकडेच येणार होतो," तो म्हणाला. "उद्या साहेब गोड्या पाण्याच्या मशीनचं उद्घाटन करतायत. तुमचं गाणं तर जसं काही साहेबांसाठीच लिहिलंय. तुमचा सत्कारही ठेवलाय."

"बाकीची सहा आयकली काय?"

"अजून आहेत?"

पंचफुलानं दात आवळले. "हे तुले कोनं देल्लं?"

"तुमच्याच प्रसेनजितनं."

प्रसेनजित तिचा एकुलता एक. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं; लग्नाकार्याला साउंडही तोच लावायचा. तिनं दुकानात पाऊल टाकताच त्यानं ओळखलं, आज काही खैर नाही.

"काऊन बे, बापाच्या जलदानावर लेझीम खेळवून राह्यला काय?"

"माय, आयक तं. सात गानी आजकाल कोन आयकते? लोक दुसऱ्यालेच कटाळतात. सातवं तेवढं नेटवर टाकलं, ते चाललं. तुयंच नाव झालं ना?"

"माह्या नावाले काय चाटू? कोन मेलं ते सांगतलं नाई आन् मयतीले नाचाले बोलावलं तू लोकायले! तू तरी आयकलं काय सहावं? कवा?"

प्रसेनजितनं हातातला मोबाइल खाली ठेवला.

"नाई आयकवत मले," तो म्हणाला. "पान्याले मीच गेल्तो सायकलनं. कॅन भरून वापस आलो तं..."

पंचफुलाला ते ठाऊक होतं. सहाव्या गाण्यात ती सायकल होती. बाप दाराकडे पाहतो, विचारतो, पोरगं आलं काय? पण तिचा राग काही उतरला नाही.

"मंग तुलेच आंधी आयकाले पायजे होतं," ती म्हणाली. "त्याच्यात तू हायेस." आणि ती निघून आली.

दुसऱ्या दिवशी मांडव खचाखच भरला. स्टेजवर टेबल, टेबलावर मशीनच्या पहिल्या पाण्याचा जग, साहेबांसाठी काचेचा भरलेला ग्लास, बाजूला पेढ्यांची स्टीलची वाटी. शाल, श्रीफळ झालं. हर्षल माइकवर म्हणाला, "आता मावशी त्या सुंदर गाण्याच्या दोन ओळी म्हणतील."

"दोन नाई," पंचफुला म्हणाली. "सात गानी हायेत. पह्यल्यापासून म्हनीन."

साहेब हसले. "वेळ कमी आहे बाई. ते गोड्या पाण्याचंच म्हणा."

तिनं पहिलं सुरू केलं. वरणातल्या मिठावर मांडव हसला, साहेबही हसले. तिसऱ्यात पाय सुजले तेव्हा बाया हसायच्या थांबल्या. हर्षल खाली मान घालून साउंडपाशी गेला आणि प्रसेनजितच्या कानाला लागला, "माइक बंद कर." प्रसेनजित हलला नाही. हर्षलनं स्वतःच बटनाकडे हात नेला.

"हात लावू नोको," प्रसेनजित म्हणाला. "माय गाऊन राह्यली."

पाचव्यातला कोरडा नळ आला तेव्हा मागून कुणीतरी शिवी हासडली. कुणाला, ते विचारायची गरज नव्हती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. उठून जावं, तर समोर गाव बसलेलं. सहाव्यात सायकल निघाली. प्रसेनजित वायरच्या पेटीवर मटकन बसला, तोंडावर रुमाल दाबला, पण आवाजाचं बटन त्यानं कमी केलं नाही.

मग सातवं. ढोलावर धावणारं ते गाणं पंचफुलानं मूळच्या संथ चालीत उचललं. गाता गाता तिनं पेढे टेबलावर पालथे घातले, रिकामी वाटी साहेबांच्या पुढ्यात ठेवली, जग उचलला आणि बारीक धार सोडली. बौद्ध वस्तीतल्या लोकांना सांगावं लागलं नाही. ते हात जोडून उभे राहिले. त्यांचं पाहून बाकीचं गावही उठलं, कारण किडनीनं माणूस नेलं नाही असं घर तिथं विरळाच. वाटी भरली, सांडायला लागली. विधीच्या शेवटी म्हणतात तसं साउंडपाशी प्रसेनजित म्हणाला, "साधु, साधु, साधु."

साहेबांनी फोटोसाठी ग्लास ओठाला लावला होता. तो तसाच राहिला. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"जलदान," पंचफुला म्हणाली. "आमच्यात मेलेल्याच्या नावानं करतात. तुमी आल्ते ना तवा, टँकर घेऊन? तेच गानं हाये हे. प्या, साहेब. त्यानं मांगतलं तवा घोटभर नव्हतं."

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. पाणी टेबलावरून ओघळून त्यांच्या बुटांपर्यंत आलं, तरी तिनं धार थांबवली नाही.