न्हावीबुवांच्या पोटातली कळ

न्हावीबुवांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या डाव्या गालावरून उतरत होता, तोच त्यांच्या पोटात अशी कळ आली की वस्तरा बाजूला ठेवून ते मटकन खालीच बसले.

सकाळपासून बेंबीभोवती दुखतच होतं. गॅस असेल, म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. खाण्याकडे बघवेना, एकदा उलटीही झाली, तरी यांचं आपलं गॅसच. आता मात्र दुखणं बेंबी सोडून खाली उजवीकडे सरकलं होतं आणि तिथेच ठाण मांडून बसलं होतं.

खुर्चीत होते बसचे निवृत्त ड्रायव्हर. तोंडभर फेस, अर्धा गाल साफ, गळ्याला कापड. ते तसेच वाकले.

"मुतखडा! माझ्या साडूला अगदी असंच झालं होतं. उठा, उडी मारा, खाली पडेल."

गिऱ्हाइकाचा शब्द मोडायचा न्हावीबुवांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कशीबशी एक उडी मारली आणि आरशातल्या स्वतःलाच "आई गं!" अशी हाक घातली.

"नाही पडला? मग जुलाबाचं औषध घ्या. रस्ता मोकळा झाला की गाडी सुटलीच म्हणून समजा."

ओरडणं ऐकून मागच्या खोलीतून बायको आली. नवऱ्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला आणि म्हणाली, "खोकून दाखवा बघू."

ते खोकले. पुन्हा आई आठवली.

"माझ्या भावाचं अपेंडिक्स अस्संच सुरू झालं होतं. घरच्यांनी जुलाब दिला, शेक दिला, आणि ते आत फुटलं. मरता मरता वाचला. औषध नाही, शेक नाही, खाणंपिणं काही नाही. सरळ हॉस्पिटल!"

न्हावीबुवांची जुनी गाडी ड्रायव्हरांनी काढली. हात सवयीचे, त्यामुळे बसस्टॉप दिसला की वेग आपोआप कमी व्हायचा. एका ठिकाणी तर पिशव्या घेतलेल्या बाई दार उघडून आत बसायलाच निघाल्या. गतिरोधक आला की मागून न्हावीबुवा विव्हळायचे आणि ड्रायव्हर मोठ्यानं सांगायचे, "सांभाळून बसा!"

हॉस्पिटलच्या दारात नर्सनं या तिघांना पाहिलं आणि थेट ड्रायव्हरांनाच धरलं.

"तोंडाला फेस आलाय! स्ट्रेचर आणा!"

"अहो, मी नाही, ते!"

"बोलू नका, आडवे व्हा."

ड्रायव्हर आडवे झालेसुद्धा. शेवटी बायकोनं त्यांच्याच गळ्यातल्या कापडानं त्यांचं तोंड खसाखसा पुसलं, तेव्हा कुठे नर्सला खरा रुग्ण दिसला.

डॉक्टरबाईंनी न्हावीबुवांच्या पोटाला उजवीकडे हळूच दाबलं आणि हात एकदम उचलला. दाबताना दुखलं त्याहून सोडताना जास्त दुखलं.

"मुतखडा असेल ना?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"मुतखड्याचा माणूस तळमळतो, एका जागी राहत नाही. हे तर हलायलाच तयार नाहीत."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. अपेंडिक्सच सुजलं होतं, ते आजच काढायचं ठरलं.

ऑपरेशनआधी पोटावरचे केस काढायला एक कर्मचारी रेझर घेऊन आला. इतका वेळ मिटलेले न्हावीबुवांचे डोळे खाडकन उघडले.

"कोरड्यावरच? आधी पाणी लावा! कातडी ताणा. मनगट सैल सोडा हो, लाकूड तासताय का?"

"काका, मी रोज करतो हे काम."

"म्हणूनच काळजी वाटते. आणा इकडे."

"हात खाली!" बायको गरजली आणि न्हावीबुवांनी हात मागे घेतला. बिचाऱ्या कर्मचाऱ्याच्या कपाळावर मात्र घाम फुटला.

ऑपरेशन नीट पार पडलं. "वेळेवर आणलंत, फुटलं नव्हतं," डॉक्टरबाई बायकोला म्हणाल्या, आणि ती बाहेरच्या बाकावर बसून थोडा वेळ हमसून रडली. ड्रायव्हरांनी तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना सगळी हकीकत रंगवून सांगत होते, "मी बघताक्षणी म्हटलं, हे अपेंडिक्स!"

न्हावीबुवांना हसू आवरेना, आणि हसलं की टाके दुखायचे. एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं ते बायकोला खुणावू लागले, "यांना आधी बाहेर काढ गं!"