टोकं वळलेली पिसं

"सूनबाई, वर काय आहे?"

आला प्रश्न. जरा कुठे पाठ टेकली नाही तोच बांधावरून सासऱ्याची, आबांची हाक. सूनबाई कापलेल्या गवताशेजारीच आडवी झाली होती. कापून कापून कमरेचा काटा ढिला झाला होता, विळा ठेवला तरी मूठ उघडत नव्हती. तिनं डोळे किलकिले करून वर बघितलं.

आबांचे डोळे मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होते. तरी गवत पसरायच्या आधी सगळं गाव त्यांनाच विचारायचं. ढगाचं बूड सपाट आणि वर कापसाचा ढीग, तर खुशाल काम करा. तोच ढीग चढत जाऊन माथ्यावर ऐरणीसारखा पसरला, तर घर गाठा. राखाडी चादर खाली उतरली की दिवसभर भुरभुर. आणि सगळ्यांच्या वर, ज्यांची सावलीसुद्धा पडत नाही, ती पिसं. ती स्वतः भिजवत नाहीत. सरळ असली तर काळजी नाही, पण टोकं वळलेली असली तर पाऊस मागून निघालाच म्हणून समजा. आता डोळे सुनेचे आणि अक्कल आबांची, असा कारभार चालला होता.

"पिसं आहेत, मामा."

"टोकं कशी आहेत?"

टोकं चांगली हुकासारखी वळलेली होती. पण तसं सांगितलं की आबा आत्ताच्या आत्ता सगळं गवत गोठ्यात न्यायला लावणार. नवरा खाणीवरची पाळी संपवून उद्या येणार होता. आजचा दिवस मला मेलीला पडू द्या, एवढंच तिच्या मनात होतं.

"सरळ आहेत," ती म्हणाली.

ऊन डोक्यावर आलं तसा आभाळावर सायीसारखा पातळ पापुद्रा धरला. आबा तोंड वर करून बसले होते.

"सूर्याभोवती खळं पडलंय का गं, पावसाचं?"

"नाही."

"मला तर दिसतंय. पण मला हल्ली दिव्यालाही खळं दिसतं. या डोळ्यांचं काय घेऊन बसायचं," असं म्हणून आबा ओशाळं हसले.

तेवढ्यात शेजारच्या वावरातून गाडीवानानं विचारलं, "आबा, माझं पसरलेलं राहू देऊ का उद्यापर्यंत?"

"राहू दे."

आता आली का पंचाईत. गाडीवानाचं पोट बैलांवर आणि बैलांचं त्या गवतावर. सूनबाईनं कूस बदलली, पदर तोंडावर घेतला, पण झोप कसली येतेय. शेवटी ती उठून बांधावर आली.

"मामा, खळं आहे. सकाळी टोकंही वळलेली होती. मी खोटं बोलले. अंगात त्राणच नव्हतं हो."

आबांनी तोंडाशी हात नेऊन हाळी दिली, "गाडीवाना, माझं चुकलं रे. उचल सगळं, पाऊस येतोय."

"घटकेत एक, घटकेत दुसरं. आबा, आता आभाळाचा नाद सोडा आणि आराम करा," गाडीवान म्हणाला आणि गाडी जुंपून भाड्यावर गेला.

सासरा-सुनेनं मग गवत उचललं. आबा तिच्या आवाजामागून चाचपडत चालायचे, ठेचकाळायचे, पण डोक्यावरचा भारा सोडायचे नाहीत. दिवस मावळेपर्यंत सगळं आत आलं. जेवायचं दोघांच्याही जिवावर आलं होतं.

उजाडता उजाडता पावसानं झोडपायला सुरुवात केली. थोड्या वेळानं गाडीवान चिंब भिजून दारात उभा राहिला.

"तुमच्या शब्दावर राहिलो, आबा. मागून उचल म्हणालात, पण मी पहिलाच शब्द धरून बसलो. आता बैलांना काय घालू?"

"चुकलंच माझं. म्हातारपण आहे," आबा म्हणाले.

सूनबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. "त्यांचं नाही चुकलं, भाऊजी. मी खोटं सांगितलं होतं. ते मात्र बरोबर बघत होते."

गाडीवानानं तिच्याकडे बघितलं आणि तो वावराकडे वळला. आबांनी कपाळाला हात लावला.

"कशाला बोललीस? माझ्या नावावर खपून गेलं असतं, माझे किती दिवस राहिलेत. तुला याच गावात अजून सगळा जन्म काढायचाय."

"काढीन," ती म्हणाली. डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि गाडीवानाचं भिजलेलं गवत उचलू लागायला पावसात उतरली.